कुंडीबाहेरचा शेंडा

“माझी चूक तरी सांगा, महाराज.”

उमापुरीचा आवाज चढला होता. घाटमाथ्यावरच्या त्या मठात सोमपुरी महाराजांचा सगळ्यात हुशार शिष्य तोच. सकाळचं निरूपण तो करी, आल्यागेल्याच्या शंकाही तोच फेडी. आणि आज महाराजांनी त्याला खाली कोकणात जायला सांगितलं होतं. कायमचं.

“चूक कसली?” महाराज म्हणाले. “ती कुंडी आण इकडे.”

कुंडीत बेगोनिया होता. आसामकडच्या एका भक्तानं आणून दिलेला. रुपेरी पानं, प्रत्येकाची एक बाजू मोठी, दुसरी लहान. पानांखालून बोटाएवढं जाड, केसाळ काहीतरी मातीवरून सरपटत निघालं होतं. त्याचं टोक काठ ओलांडून हवेत आलं होतं.

“हे काय?”

“मूळ,” उमापुरीनं लगेच सांगितलं.

“नीट बघ.”

तो वाकला. त्यावर गळून गेलेल्या पानांचे वण होते. खरी मुळं खालच्या अंगाला, दोऱ्यासारखी बारीक...

“खोड आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “आडवं पडलंय.”

“पडलेलं नाही. ते वाढतंच तसं.”

उमापुरी सरळ उभा राहिला.

“मी गेलो तर निरूपण कोण करणार? बाकीच्यांना तोंडसुद्धा उघडता येत नाही!”

महाराजांनी सुरी उचलली. काठाबाहेरचा शेंडा दोन पानांसकट कापला.

ओल्या फडक्यात गुंडाळून महाराजांनी तो तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

...

उमापुरीला कळलं, तो घेऊनच आता खाली जायचं होतं.

“किती खोल पुरू?” त्यानं विचारलं.

“पुरू नकोस, कुजेल. ओल्या मातीवर नुसता टेकव. पाणी बेतानं घाल.”

उमापुरीनं पायांवर डोकं ठेवलं. उठताना त्याची नजर कुंडीकडे गेली. कापल्या जागी पाण्याचा थेंब जमला होता.

“आणि याचं काय, महाराज? याचा तर शेंडाच गेला.”

महाराजांनी खोडावरच्या एका वणाशी बोट टेकवलं. तिथं उसाच्या कांडीला असतो तसा बारीक डोळा होता. पुढच्या वणापाशी आणखी एक. त्याच्या पुढेही...

“शेंडा होता ना,” ते म्हणाले, “म्हणून हे सगळे आजवर गप्प होते.”