कोष्टिणीचा राग आणि कासाराची मांजर

एका गावात एक कोष्टीण राहायची. तिची चूल पेटायची दिवसातून दोनदा, डोकं मात्र दिवसभर. त्यातला मोठा राग शेजारच्या कासाराच्या मांजरीवर. मांजर रोज दुपारी तिच्या मागापाशी यायची, सुताच्या कांड्या घरभर लोळवायची आणि गुंता करून शेपटी वर करून निघून जायची. मग कोष्टीण कुंपणाशी उभी राहून कासाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्या कमी पडल्या तर मांजरीच्याही घ्यायची.

एकदा कासार आणि कासारीण आठ दिवसांसाठी नातवाच्या बारशाला निघाले. मांजर कुणावर सोपवायची?

कासारीण म्हणाली, "शेजारच्या वहिनींना सांगू या का?"

"त्या तिला विहिरीत टाकतील," कासार म्हणाला. "हलवाईशेठना सांगतो. त्यांच्याकडे दुधाची कढईच आहे."

कढई बघून माणूस निवडणारा हा काही पहिला शहाणा नव्हे. लोक लेकीची स्थळंही अशीच बघतात.

कोष्टिणीने हे मागावर बसल्या बसल्या ऐकलं. इतकी वर्षं शेजार, आणि आपल्याला साधं विचारलंही नाही. ती आणखीच तापली आणि माग दुप्पट जोराने खडखडवू लागली.

निघताना मांजर आडवी जाऊ नये म्हणून कासाराने तिला परसात, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली कोंडलं. वर पाटा ठेवला. वाटेत हलवायाला सांगितलं, "आम्ही वेशीपलीकडे गेलो की डालगं तेवढं उचला." हलवाई जिलब्या तळत होता. म्हणाला, "हो हो, निर्धास्त जा. मांजर म्हणजे लक्ष्मी."

हलवाई रोज सकाळी कासाराच्या परसाच्या दारात वाटीभर दूध ठेवायचा, "ये गं राणी" म्हणायचा आणि दुकानात परतायचा. संध्याकाळी वाटी चाटूनपुसून साफ. हलवाई खूश. गावातले तीन बोके त्याहून खूश.

इकडे कोष्टिणीच्या कांड्या जागच्या जागी. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी विणकाम झकास झालं, पण घशाशी आलेल्या शिव्या टाकायला जागाच सापडेना. तिने माग थांबवला.

"मेली उलथली कुठे?"

माग थांबला तेव्हा कुठे परसातून बारीक आवाज ऐकू आला.

कोष्टीण कुंपण ओलांडून गेली, पाटा ढकलला. मांजरीला उभंही राहवत नव्हतं. तोंड कोरडं, डोळे चिकटलेले. कोष्टिणीने तिला पदरात घेतलं, कापसाच्या बोळ्याने थेंबथेंब पाणी पाजलं. मग ते डालगं पायाखाली मोडून चुलीत घातलं आणि त्याच जाळावर पेज शिजवली. मांजर निजल्यावर ती हलवायाच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिली.

"शेठ, मांजर पाहिलीत का कधी?"

"वहिनी, वाटी रोज रिकामी होते."

"मी वाटीचं विचारलं नाही. मांजर काळी की पांढरी, ते सांगा."

 तेलातली जिलबी काळी पडली. गिऱ्हाइकं आधी हसली, मग त्यांनाही हसवेना.

आठ दिवसांनी कासार परतला. हलवायासाठी आणलेलं उपरणं काखेत तसंच राहिलं, कारण वेशीवरच त्याला सगळं कळलं. तो खाली मान घालून कोष्टिणीच्या दारात आला.

"वहिनी, तुम्हाला तिचा एवढा राग. म्हणून तुम्हाला विचारलं नाही."

"रोज दिसते म्हणून राग येतो, भावजी. तिच्या डाव्या कानामागे खरूज झाली आहे, ठाऊक होतं तुम्हाला?"

कासाराला ठाऊक नव्हतं.

"मग ती बरी होईपर्यंत इथेच राहील. तुम्ही यायचं, बघायचं आणि घरी जायचं."

कासार रोज आला, बघून गेला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही.

तात्पर्य: आपलं जनावर सोपवताना कुणाकडे दूध किती आहे ते बघू नका, ते दिसेनासं झालं तर कुणाला चुकल्यासारखं होईल, ते बघा. आणि आपण दिसेनासे झालो तर कुणाला चुकल्यासारखं होईल, हे घरी विचारणार असाल, तर आधी जेवून घ्या.