इलाही पेंटरची नाडी

“सर, सातशे चित्रं पाहिली. एकेक करून पाहिली. आता आणखी कुठं बघू?”

हे विचारलं तेव्हा डॉ. सुहृद वाळिंबे एकतीस वर्षांचा होता. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, याची त्याला तेव्हा खात्री होती.

समोर तेंडोलकर सर होते. मिरजेच्या इस्पितळात ज्या क्ष-किरण विभागात सुहृद होता, तिथंच त्यांनी छत्तीस वर्षं एक्स-रे वाचले. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी दुपारी ते यायचे, खिडकीशी बसायचे. तरुण डॉक्टर शंका विचारायचे आणि सर बहुतेक वेळा उलटा प्रश्नच विचारायचे.

“कुणाची चित्रं?”

“उजव्या हाताची, सर. मानेपासून बोटांपर्यंत. रक्तवाहिनीत औषध सोडून सिटी स्कॅन केलाय.”

“हात नाही विचारला. माणूस विचारला.”

सुहृदने केसपेपर उलटला. “इलाही मुजावर. वय एक्केचाळीस.”

“आणि?”

“...एवढंच लिहिलंय.”

 बाहेर चिंचेच्या झाडाखाली कुणीतरी डबा उघडून जेवत होतं, तिकडे सर बघत राहिले.

सुहृदने मग स्वतःच सांगायला सुरुवात केली. दोन महिन्यांपासून या माणसाची बोटं पांढरी पडत होती, गार पडत होती. आता तर्जनीचं टोक काळं पडलं होतं. हृदय ठीक. रक्ताच्या तपासण्या ठीक. मानेचे मणके वयाच्या मानाने उत्तम. काळं पडलेलं पेर सोमवारी काढून टाकायचं सर्जननी ठरवलं होतं. पण ते काळं का पडलं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आज एक पेर, पुढच्या महिन्यात कदाचित सगळा हात.

“एकदा पडद्यावर नजर टाकता का, सर?”

खरं तर सरांनी नजर टाकावी आणि ‘यात काहीच नाही’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

“त्यांना आत बोलाव,” सर म्हणाले.

इलाही आला. एप्रिलचं ऊन होतं, तरी उजव्या हाताला लोकरी मफलर गुंडाळलेला. अंगाला टर्पेंटाइनचा वास. खुर्चीच्या कडेवर टेकला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, “बोट काढायचंच असलं तर काढा, सायेब. पण नेमकं हेच काढायला पायजे का?”

“काम काय करता?” सरांनी विचारलं.

“पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या लिहितो. भिंतीवरच्या जाहिराती.”

सरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “स्टेशन रोडच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी तुमची?”

“होय... कसं ओळखलंत?”

“ओळखलं नाही, अंदाज केला. त्या पाटीतला ‘ष्म्या’ दुसऱ्या कुणाला जमलेला मी पाहिला नाही.”

इलाही हसला. मग बोलायलाच लागला. छापील फ्लेक्स तेव्हा नुकते कुठे दिसू लागले होते. गावातल्या एकेका पाटीवरून लिहिणाऱ्याचा हात ओळखू यायचा. कोल्हापूरच्या उस्तादांनी त्याच्याकडून सहा महिने नुसता ‘अ’ गिरवून घेतला होता. आडवी रेघ ओढताना श्वास कसा धरायचा, शिडीवर कोणता पाय वर ठेवायचा, सगळं त्याने सांगितलं.

सर ऐकत होते. सुहृद घड्याळ बघत होता.

“हात कधी दुखतो?” सरांनी मध्येच विचारलं.

“वरची ओळ लिहिताना. खालच्या ओळीला काय होत नाही.”

सुहृदने मान वर केली. “हे आधी का सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलं नाही, सायेब.”



“सुहृद,” सर म्हणाले, “त्यांची नाडी धर.”

सुहृदने मनगट हातात घेतलं. नाडी नीट लागत होती.

“आता त्या भिंतीवर, तिथं वर, वरची ओळ लिहा.”

हातात ब्रश नव्हता. तरी इलाही उठला, हनुवटी उचलली, मान किंचित वळवली आणि हात उंच नेऊन हवेतच अक्षर काढू लागला. सुहृद मनगट धरून त्याच्याबरोबर टाचा उंचावून उभा राहिला.

बोटाखालची नाडी बारीक झाली. आणखी बारीक...

सुहृदने बोट जरा सरकवलं. दाबून पाहिलं. काही नाही. डोळ्यांसमोर इलाहीची बोटं कागदासारखी पांढरी होत गेली.

“लागते?”

“नाही, सर.”

इलाहीने हात खाली घेतला. नाडी परत आली.

 सुहृद ताठ आवाजात म्हणाला, “पण सर, हात वर केला की कधीकधी धडधाकट माणसाचीही नाडी जाते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.”

“अगदी बरोबर. म्हणून तर तुझं मशीन आहे.”

“मशीननं पाहिलंय, सर.”

“मशीननं झोपलेला माणूस पाहिला. पाटी लिहिणारा कुठं पाहिला?”

शुक्रवारी सकाळी इलाहीचा हात डोक्यावर घेऊन पुन्हा स्कॅन केला. पडद्यावर दिसलं ते सुहृद कितीतरी वेळ बघत राहिला. गळ्याच्या हाडामागे हाताची मुख्य रक्तवाहिनी दोऱ्याएवढी चिमटली होती. तिला दाबणारं हाड मानेच्या शेवटच्या मणक्यातून निघालं होतं. जास्तीची एक बरगडी, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. चिमटलेल्या जागी रक्ताच्या बारीक गुठळ्या धरत होत्या आणि वाहत बोटांपर्यंत जात होत्या.

ती बरगडी त्याने आधीच्या स्कॅनमध्ये पाहिली होती. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिलंही होतं, ‘मानेत जास्तीची बरगडी, विशेष महत्त्व नाही.’ ती पुष्कळांना असते आणि जन्मभर त्रास देत नाही, हे त्याला पाठ होतं.

त्याने तो रिपोर्ट सरांपुढे ठेवला. सरांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला.

सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं. पुण्यात ती बरगडी काढली, रक्तवाहिनी दुरुस्त केली. तर्जनीचं नख गेलं, बोट राहिलं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी इलाही रंगाचे डबे घेऊन हजर झाला. म्हणाला, विभागाची पाटी पार विटलीय, लिहून देतो. शिडीवर चढला आणि ‘क्ष-किरण विभाग’ अशी ठसठशीत ओळ छताला लागून काढली. एकदाही हात झटकला नाही. त्या जागी आता दिव्यांची पाटी आहे, पण तिथून जाताना सुहृदला अजून तो ‘क्ष’ दिसतो.

त्या दुपारी दोघं खाली उभं राहून ते काम बघत होते. रंग अजून ओला होता.

“सर,” सुहृदने विचारलं, “त्या दिवशी तुम्ही पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. असं पेशंटशी बोलत बसणं तुम्हाला कुणी शिकवलं?”

सर पाटीकडे बघत राहिले...

“आमच्या वेळी डार्करूममधून फिल्म ओली यायची,” ते म्हणाले. “वाळायला अर्धा तास लागायचा. तोवर पेशंट समोरच बसलेला असायचा.”