तळपाय

"...मग गुण का येत नाही, माय? सगळे बिंदू तर दाबून झाले."

नेहेते मास्तरांनी हे विचारलं तेव्हा रेवामाय अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तापीच्या काठावर, गावापासून जरा लांब, दोन खोल्यांच्या मठीत ती एकटीच राहायची. वय ऐंशीच्या पुढे. ती कुणाला शिष्य करत नसे, प्रवचन देत नसे. तरी माणसं यायची. काही विचारायची, कधी नुसतीच बसून परत जायची.

मास्तर पहिल्यांदाच आले होते. सत्तरीचे, ताठ बसणारे. भुसावळला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आल्याआल्या त्यांनी सांगून टाकलं होतं की स्वयंपाक, धुणं, इस्त्री, सगळं ते स्वतः करतात.

"कसला गुण?" मायने विचारलं.

"अंगाला. टाचा दुखायच्या, ते थांबलं. पण आता काही जाणवतच नाही. अंग लाकडासारखं झालंय. जेवतो, पण चव लागत नाही. झोपतो, म्हणजे पापणी मिटते नुसती..."

"डाक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. रिपोर्ट सगळे उत्तम."

मास्तरांनी पिशवीतून एक वस्तू काढून तिच्यापुढे धरली. अ‍ॅक्युप्रेशरचा रोलर होता. लाकडी मूठ, एका टोकाला बोथट काट्यांचं फिरतं चाक, दुसरं टोक बिंदू दाबायला निमुळतं केलेलं. मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.

"तीन वर्षांत एक दिवस चुकलेलो नाही. सकाळी उठल्यावर आणि दुपारी चारला. भिंतीवर तक्ता लावलाय, पण आता बघावा लागत नाही. मूत्रपिंड इथे. यकृत इथे. झोपेचा हा, अंगठ्याच्या मध्यावर." ते स्वतःच्याच तळपायावर बोट ठेवून दाखवत गेले. "सून फोनवर म्हणते, पुण्याला या, नाहीतर मालिशवाला लावून देते. मी म्हटलं, कशाला? माझं मी करतो. मला कुणाचा हात लागत नाही."

"कुणाचा हात लागत नाही," माय म्हणाली.

"हो. गरजच पडत नाही."

मायने एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"दाबताना मोजता का, मास्तर?"

"मोजतो ना. प्रत्येक पायाला शंभर. मोठ्याने मोजतो."

"मोठ्याने कशाला?"

मास्तरांनी रोलर हातात फिरवला.

"...घरात दुसरा आवाज नसतो."

बोलून झाल्यावर ते जरा सावरून बसले. असलं काही बोलायला ते आलेले नव्हते.

"ते जाऊ द्या. माझा कुठला बिंदू चुकतोय, तेवढं सांगा. तुम्हाला नाडीतलं कळतं असं ऐकून आलोय."

"कुणी सांगितलं? मला शेंगांतलं कळतं. ही पोचट आहे, एवढं कळतं." तिने हातातली शेंग फेकून दिली.

मास्तरांना हसू आलं नाही. चार तास एसटीत बसून ते आले होते.

मग मायने सूप बाजूला सारलं. लुगडं घोट्यापर्यंत सारखं केलं आणि उजवा पाय लांब करून मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

"दाखवा बरं. कसं दाबता ते."

मास्तर क्षणभर बिचकले. पण शिकवायचं म्हटल्यावर त्यांच्या आवाजात शाळेतली धार आली. ते सरसावून बसले. "आधी चाक फिरवायचं, रक्त मोकळं करायला. मग निमुळत्या टोकाने बिंदूवर जोर. असा..."

"आई गं!" मायने पाय आखडून घेतला.

"थोडं दुखणारच. दुखलं म्हणजे बिंदू बरोबर सापडला असं समजायचं."

"तुम्हाला दुखतं?"

"पहिल्यांदा फार दुखायचं. आता नाही दुखत."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पाय परत पुढे केला.

"ते खाली ठेवा. हाताने दाबा."

"हाताने जोर बसत नाही, माय."

"मी कुठे म्हटलं जोर पाहिजे?"

मास्तरांनी रोलर जमिनीवर ठेवला. दोन्ही हात मोकळे झाले आणि त्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. थंड होता. इतका हलका, की धरलाय की नाही तेच समजू नये. टाचेला भेगा. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. पायाचा तक्ता त्यांना पाठ होता, पण पाय कसा धरतात ते माहीत नव्हतं.

सवयीने त्यांचा अंगठा मूत्रपिंडाच्या बिंदूवर गेला.

"तिथे नाही दुखत मला," माय म्हणाली.

"मग कुठे दुखतंय?"

प्रश्न तोंडातून गेला. आपलाच आवाज त्यांना अनोळखी वाटला.

"इथे. घोट्याच्या खाली," मायने सांगितलं.

त्यांनी तिथे अंगठा टेकवला. हळूच दाबला. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुन्हा दाबला. मायने डोळे मिटून घेतले आणि एक लांब श्वास सोडला.

खाली नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज...

"हा रोलर माझा नाही, माय."

मायने डोळे उघडले.

"प्रमिलाचा आहे. माझ्या बायकोचा. एकदा ती म्हणाली, जरा पाय दाबून देता का, आज फार ठणकतायत. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी बाजारातून हा घेऊन आलो. म्हटलं, घे, आता कुणाला सांगायला नको. तुझं तू करत जा."

"मग?"

"खूश झाली." मास्तरांनी रोलरकडे बघितलं. "शेजारच्या बाईंना नेऊन दाखवला. ह्यांनी आणला म्हणाली... त्यानंतर मला कधी म्हणून पाय दाबायला सांगितलं नाही. बारा वर्षं. दुपारी चारला भिंतीला टेकून बसायची, आणि हे चाक करकर वाजायचं. मी पेपर वाचत असायचो. एकदा मीच म्हटलं, जरा हळू फिरव, लक्ष लागत नाही. तर तिने तेल आणून चाकाला घातलं."

त्यांचा अंगठा थांबला होता. पण पाय त्यांनी सोडला नव्हता.

"शेवटी दवाखान्यात तिचे पाय सुजले. नर्स चोळून देत होती. मला म्हणाली, काका, तुम्ही धरा जरा, मी औषध घेऊन येते. प्रमिला माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं... मला ते जमत नाही."

त्यांचे खांदे हलायला लागले. तीन वर्षांत ते रडले नव्हते. मुलासमोर नाही, दहाव्याला नाही, एकटे असतानाही नाही. आता त्या परक्या म्हातारीचा पाय दोन्ही हातांनी कवटाळून ते लहान मुलासारखे हुंदके देत होते.

मायने त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. पाठीवर हात फिरवला नाही. आपला पायही ओढून घेतला नाही.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात आलं.

हळूहळू मास्तर शांत झाले. नाक पुसलं. चष्मा काढून पुन्हा लावला. खूप लांबून चालत आल्यासारखे ते दमलेले दिसत होते.

"आता कळून काय उपयोग, माय?" ते म्हणाले. "ती तर गेली. आता मी कुणाचे पाय..."

रेवामायने उजवा पाय त्यांच्या मांडीवरून उचलून घेतला. डावा तिथे ठेवला.

"हा राहिलाय," ती म्हणाली.