दीड तास

“मग बीजांड त्याला ओळखतं कशावरून?” बाईंनी विचारलं.

पाहुणे खुर्चीत सावरून बसले. डॉ. दिगंबर मुळीक. शुक्राणू आणि बीजांड एकमेकांना कसे धरतात, या एकाच विषयावर जगभर नाव झालेला माणूस. तीस वर्षांनी बाईंना भेटायला रत्नागिरीला आला होता, मोठ्या गाडीतून, सत्काराची पत्रिका घेऊन.

हा विषय त्याला ज्यांनी शिकवला, त्या या नेरुरकरबाई. त्याने दोनदा नाव सांगितलं, दोनदा हुद्दा सांगितला. बाई दोन्ही वेळा “असेल, असेल” म्हणाल्या होत्या.

बाईंची नजर चार वर्षांपूर्वी गेली. मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवते. मीही त्यांच्याच प्रयोगशाळेतली, दिगंबरच्या बरोबरीची. मला त्याचा राग होता. थोडा अजून आहे.

“प्रथिनावरून,” तो म्हणाला. “शुक्राणूच्या डोक्यावर एक प्रथिन असतं. इझुमो. जपानी लोकांनी लग्नं जुळवणाऱ्या देवळाचं नाव दिलंय त्याला. बीजांडावर त्याचा जोडीदार असतो. दोघं जुळले की सोडत नाहीत.”

“डोक्यावर? म्हणजे लांबूनच दिसत असेल.”

“नाही बाई, आत असतं. डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते, तिच्याखाली.”

“मग दिसतं कधी?”

“वाटेत टोपी फुटते, तेव्हा.”

“आणि नाही फुटली तर?”

“तर दारात येऊनही उपयोग नाही. बीजांड धरतच नाही त्याला.”

“हं...” बाईंनी चाचपडत चहाचा कप खाली ठेवला. “नाव काय म्हणालात आपण?”

आपण! ज्याला एकेकाळी मसाल्याच्या शेंगदाण्यांची पुडी आणायला पिटाळायच्या, त्याला आपण. मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते विरलं.

त्याने पुन्हा नाव सांगितलं. मग पत्रिका त्यांच्या हातात दिली.

“बाई, पुढच्या महिन्यात सत्कार आहे. तुम्ही यायचं. व्यासपीठावर एवढंच म्हणायचं, हा माझा विद्यार्थी. मला बाकी काही नको.”

बाईंनी पत्रिकेवरून बोटं फिरवली. कागद चांगला जाड होता.

“ओळख नाही, देख नाही. असं कसं म्हणू मी...”

त्या विसरल्या होत्या की नाही, ते मला सांगता यायचं नाही. मी मात्र काहीच विसरले नव्हते.

तेव्हा आम्ही सगळे पुण्यात होतो. ती प्रयोगशाळा एका अरुंद जिन्यावर होती. स्पिरिटचा आणि उंदरांच्या पिंजऱ्यांचा वास मिसळलेला असायचा. बाईंचा एक नियम होता. उंदराचे शुक्राणू काढले की उबेच्या कपाटात ठेवायचे आणि दीड तास हात लावायचा नाही. “आत्ता नुसतेच पळतायत,” त्या म्हणायच्या. “पळणं वेगळं, जुळणं वेगळं. अंगावरची पुटं उतरू देत आधी.”

तो दीड तास आमचा असायचा. शेंगदाणे, चहा, बाईंच्या गप्पा. कपाटावर गजराचं घड्याळ टिकटिकत असायचं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दीड तास तिथेच गेले. पुन्हा तसे मिळाले नाहीत.

एकदा दिल्लीहून पाहुणे आले. दिगंबरला घाई झाली होती, चमकून दाखवायचं होतं. त्याने ताजे शुक्राणू तसेच बीजांडांवर सोडले आणि पाहुण्यांना बराच वेळ सूक्ष्मदर्शकापाशी उभं केलं. एकही चिकटला नाही. तेव्हा सगळ्यांसमोर तो म्हणाला, “बाई, तुमची अंडी खराब आहेत.”

ती अंडी काढायला बाई पहाटेपासून मान वाकवून बसल्या होत्या. संध्याकाळी दिगंबर निरोप न घेता गेला, तो थेट परदेशी.

थोडी अंडी उरली होती. त्याच शुक्राणूंपैकी उरलेले मी नियमाप्रमाणे कपाटात ठेवले होते, ते दीड तास झाल्यावर त्यांच्यावर सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जवळजवळ सगळी फळली होती. हे मी फक्त बाईंना सांगितलं होतं.

“मालू,” बाईंनी मला हाक मारली, “फडताळातलं घड्याळ दे गं.”

मी दिलं. तेच होतं, प्रयोगशाळेतलं. काच केव्हाच फुटलेली, म्हणून बाईंना काटे बोटांनी कळतात. त्यांनी चावी दिली, गजर लावला आणि घड्याळ दोघांच्या मध्ये ठेवलं.

“बसा,” त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उघडला. मी काही मदत करणार नव्हते.

आधी त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग फोन वाजला, तो बाहेर जाऊन बोलून आला. ड्रायव्हर विचारायला आला, त्याला परत पाठवलं. उकडत होतं, कोट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकला. पुन्हा फोन वाजला, तेव्हा त्याने तो बंद करून खिशात ठेवला.

मग बराच वेळ नुसती टिकटिक...

“मालू,” तो हळूच म्हणाला, “ते शेंगदाणेवाले काका आहेत का गं अजून?”

“गेले,” मी म्हटलं.

पुन्हा टिकटिक. त्याने सत्काराची पत्रिका उचलली, तिची घडी घातली, आणखी एक घडी घातली. मग तो खुर्चीतून उठला आणि बाईंच्या पायांशी जमिनीवर बसला. साठीचा माणूस, गुडघे कुरकुरले.

“बाई... त्या दिवशी अंडी चांगली होती.”

तो पुढे सांगत राहिला.

“मी थांबलो नव्हतो. चूक माझी होती. परदेशात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मला ते कळलं. पत्र लिहायला बसायचो आणि फाडून टाकायचो. नंतर नाव होत गेलं, मग तर लिहिणं जमेचना.” त्याने घडी घातलेली पत्रिका बाजूला सरकवली. “त्या सत्काराचं राहू दे, बाई. नका येऊ.”

माझा पेपर केव्हाच मांडीवर पडला होता. डोळे भरून आले, आणि खरं सांगते, मला ते आवडलं नाही. इतकी वर्षं जपलेला राग असा जाताना जिवावर येतं.

गजराला अजून थोडा वेळ होता. बाईंनी हात पुढे केला, चाचपडत घड्याळाची कळ दाबली आणि ते बंद केलं. मग तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला. केस पार विरळ झाले होते. बोटं तिथे जरा थबकली.

“दीड तासाचंच तर काम होतं, दिगू. तीस वर्षं कशाला लावलीस?”