शववाहिकेच्या दोन ओळी

गूगलवर शोधलं की शववाहिका पुरवणाऱ्या संस्थेच्या नावाखाली दिसणाऱ्या दोन ओळी, संस्थेची वेबसाइट बनवणाऱ्या मेधाने लिहून आणल्या: ‘मोफत शववाहिका. कधीही फोन करा.’ अध्यक्ष विश्वासराव खवळले. “यात मी कुठंय? ‘कार्यसम्राट, समाजभूषण, दानशूर विश्वासराव मोहिते यांच्या प्रेरणेने’ असं लिहा. नाहीतर काम दुसऱ्याला देतो!”

मेधाने तसं टाइप केलं. दोन ओळींची जागा त्या नावातच संपली; शववाहिकेचा उल्लेख दिसेचना. मोबाइल त्यांच्यापुढे धरून तिने विचारलं, “साहेब, हे वाचणाऱ्याच्या घरात नुकतंच कुणीतरी गेलेलं असेल. त्यानं टाळ्या कधी वाजवायच्या, गाडी यायच्या आधी की नंतर?”

विश्वासरावांना तिच्याकडे बघवेना. आई गेली तेव्हा त्यांनीही असाच शववाहिकेचा नंबर शोधला होता. मान खाली घालून त्यांनी मोबाइल घेतला आणि स्वतःच्याच बोटाने स्वतःचं नाव पुसलं.