भिवसेनने वेल्डिंग मशीन आणलं

चिंचदऱ्यात भिवसेन नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? पाहुणे निघताना “येतो आता” म्हणाले, की हा संध्याकाळपर्यंत दारात वाट बघत बसायचा. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला, हौसाला विचारा.

तर या दोघांच्या अकरा शेळ्या. गोठ्याच्या लोखंडी दाराची बिजागरी तुटली, अन् नेमका त्याच आठवड्यात शिवारात बिबट्या आला. मग काय! अकराच्या अकरा शेळ्या स्वयंपाकघरात. एक पिठात तोंड घालतेय, एक हौसाचा पदर चघळतेय, एक तर सरळ चुलीच्या ओट्यावर बसलेली. हौसा रडकुंडीला आली.

“अहो, तो वेल्डिंगवाला काही येत नाही. आपलंच एक मशीन आणा. घरी चालेल, शेतात नेता येईल, असं. सगळ्यात हलकं बघून आणा. पण या शेळ्या आधी माझ्या घरातून काढा!”

सगळ्यात हलकं. भिवसेनने पक्की खूणगाठ बांधली.

तालुक्याच्या दुकानात त्याने एकेक मशीन उचलून पाहिलं. हे जड, ते जड, हे जरा बरं. शेवटी कोपऱ्यातलं एक खोकं करंगळीवर उचललं गेलं.

“शेठ, हे नेऊ?”

शेठ फोनवर बोलत होते. खोक्याकडे बघून म्हणाले, “न्या, न्या. पैसे नकोत.”

भिवसेन नाचतच घरी आला. हौसाने खोकं उघडलं. आत नुसता थर्माकोल!

“अहो, देवमाणसा! घेण्याआधी उघडून आत काय आहे ते बघायचं असतं!”

“असं होय? बरं.”

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात. शेठनी चांगलं पाच किलोचं, घरच्या लाईटीवर चालणारं मशीन पुढे ठेवलं अन् चहा सांगायला बाहेर गेले. येऊन बघतात तर काय, मशीनचं झाकण एकीकडे, पंखा दुसरीकडे अन् स्क्रू शेठच्या गादीवर. भिवसेन आत डोकं घालून बसलेला.

“अरे ए! काय चाललंय?”

“आत काय आहे ते बघतोय. बरंच आहे हो.”

शेठनी कपाळावर हात मारला. “दादा, मशीन उघडून काय कळणार? एखादी तुटकी वस्तू जोडून बघायची, मग घ्यायचं.”

“असं होय? बरं. शेठ, जरा घण देता?”

शेठनी दिला. त्यांना काय माहीत! भिवसेन बाहेर गेला. बाहेर त्याचीच सायकल उभी, चांगली धडधाकट. दोन घाव घातले अन् दांडी तोडून आत आणली.

“ही घ्या तुटकी वस्तू.”

शेठनी गादीवरचे स्क्रू गोळा करून मशीन पुन्हा बसवलं. मग ते लाईटीला जोडलं, तोंडावर काळी काच धरली आणि झर्रकन दांडी सांधून दिली. वर समजावलंसुद्धा, “हे बघा, फट राहिली की काम कच्चं. फट दिसली की भरायची.”

“फट दिसली की भरायची,” भिवसेन मशीन विकत घेऊन घोकत घोकत घरी आला. मशीन बाहेर रस्त्याकडेच्या दगडावर ठेवलं अन् पाणी प्यायला घरात गेला. हौसा ओरडतच बाहेर धावली.

“अहो, एवढी महागाची वस्तू बाहेर ठेवतात का? कुणी उचलून नेईल! आपण जिथं, तिथं मशीन. आणि कायम आत घ्यायचं!”

“असं होय? बरं.”

हौसाने घरातून गोठ्याच्या जाळीच्या खिडकीत लांब वायर सोडली आणि शेळ्यांना दोऱ्या बांधायला बसली. आठ दिवसांनी आज चूल मोकळी होणार! बाईला इतका आनंद झाला की ती चक्क गुणगुणायला लागली.

इकडे भिवसेनने मशीन गोठ्याच्या आत घेतलं. मग स्वतः आत गेला. दार आतून लोखंडी चौकटीला लावलं. बिजागरी सांधली, अन् ती झाली हो छान. पण मग त्याने नीट पाहिलं. दार अन् चौकट यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत फट! डावीकडे फट, उजवीकडे फट, वर फट, खाली उंबऱ्यालाही फट.

तासाभराने हौसा अकरा शेळ्या घेऊन गोठ्यापाशी आली. दार ढकललं. हलेना. ओढलं. हलेना.

आतून भिवसेन ओरडला, “हौसे, काम एकदम पक्कं! आता बिबट्याचा बापसुद्धा आत येणार नाही!”

“अहो, पण शेळ्या कशा येणार?”

आतून दार दोनदा ढकलल्याचा आवाज आला. मग जाळीच्या खिडकीला भिवसेनचं तोंड आलं.

“अगं, हो की. आणि मी?”

हौसाने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. शेळ्यांच्या दोऱ्या गोळा केल्या आणि त्यांना घेऊन परत स्वयंपाकघराकडे निघाली. वाटेत शेजारीण भेटली. “काय गं हौसे, गेल्या का शेळ्या गोठ्यात?”

“शेळ्या राहिल्या बाई,” हौसा म्हणाली. “पण एक बोकड गेला.”