पाणमांजरी आणि कातळाखालचा डोह

भरतीला समुद्राचे पाणी आत शिरायचे आणि ओहोटीला मागे सरायचे, अशा एका खाडीच्या काठी तिवरांचे दाट जंगल होते. त्या जंगलात एक पाणमांजरी आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन राहत असे. पिल्लाचा बाप मागच्या पुरात वाहून गेला होता. तेव्हापासून सगळे तिच्या एकटीवर येऊन पडले, आणि एकट्याने संसार ओढणाऱ्याला कधीकधी कोणाचीच खात्री वाटेनाशी होते, तसे तिचे झाले. बगळा उडाला, तर हा आत्ताच का उडाला? खेकडा डावीकडे पळाला, तर उजवीकडे काय आहे? असे प्रश्न तिच्या डोक्यात सतत चालू असत. ती ते कोणाला विचारत मात्र नसे. मनातच ठेवी आणि मनातच त्यांची उत्तरे तयार करी.

तिला मासे धरता येत, पण ते काठालगतच्या उथळ पाण्यात. तिवरांच्या मुळांत बोय मासे अडकत, चिखलात छोटे निवटे उड्या मारत, आणि त्यावर मायलेकांचे भागत असे. त्या वर्षी मात्र उन्हाळा कडक पडला. काठाला गाळ साठला, उथळ पाणी दुपारी तापू लागले आणि मासे गार पाण्याच्या ओढीने आत निघून गेले. खाडीच्या मधोमध एक काळा कातळ होता. त्याच्या पोटाखाली खोल डोह होता आणि त्या डोहात जिताडे राहत. मुलांनो, जिताडा हा काही साधा मासा नव्हे. चांगला वाढलेला जिताडा पाणमांजराएवढा लांब असतो. तो अंगाने ताकदवान असतो आणि चवीला असा, की ज्याने एकदा खाल्ला त्याला मग बोय गोड लागत नाही. असा एक जिताडा मिळाला असता, तर मायलेकांची ददात मिटली असती. पण पाणमांजरीला खोल पाण्यात बुडी मारता येत नव्हती.

एके सकाळी ती रिकाम्या तोंडाने काठावर बसली असताना कातळावर राहणारा म्हातारा पोहत तिच्याकडे आला. तोही पाणमांजरच होता. त्याच्या नाकावर जुना ओरखडा होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि बोलणे अगदी मोजके होते.

"पोरी, उथळ पाण्यात आता पावसाळ्यापर्यंत काही मिळायचे नाही," तो म्हणाला. "डोहात उतरायला शीक. मी शिकवतो."

"बरे, आजोबा," पाणमांजरी म्हणाली. पण तिच्या मनात लगेच आले, हा मला का शिकवील? यात याला काय मिळणार आहे?

शिकवणी सुरू झाली. ओहोटीला पाण्याची ओढ कमी झाली की म्हातारा तिला डोहावर घेऊन जाई आणि खाली पाठवी. तळाशी जायचे, कातळाची कपार धरून बसायचे, दम संपायच्या आत वर यायचे. पुन्हा जायचे, पुन्हा यायचे. खाली हिरवा अंधार असे. त्या अंधारातून जिताडे तिच्या नाकासमोरून संथपणे जात, त्यांच्या रुपेरी कुशी चमकत आणि तिचे तोंड आपोआप पुढे होई. पण म्हाताऱ्याची सक्त ताकीद होती, की इतक्यात माशाला तोंड लावायचे नाही. आधी श्वास, मग मासा, एवढेच तो सांगे.

पाणमांजरीला ते खटकले. मासे धरायला शिकवणारा मासा धरू नको म्हणतो, हे कसले शिकवणे? दुसरीही एक गोष्ट तिला खटकली. म्हातारा स्वतः कधी खाली उतरत नसे. तिला पाठवून तो वरच तरंगत राही, डोके तेवढे पाण्याबाहेर ठेवून इकडेतिकडे पाहत. आणि एक दिवस तो म्हणाला, की पिल्लाला बिळात एकटे ठेवण्यापेक्षा कातळावर आणून ठेव, काठ बरा नाही. ते ऐकून तर तिच्या अंगावर काटाच आला. याला माझे पिल्लू कशाला हवे?

तिने यातले काहीच म्हाताऱ्याला विचारले नाही. विचारले ते कोल्ह्याला.

हा कोल्हा तिवरांतच राहत असे. पाणमांजरी काठावर बसून मासे खाई आणि डोकी, शेपट्या तिथेच टाकून जाई. त्यावर त्याचे बरे चालले होते. पाणमांजरी डोहात शिकार करू लागली, तर ती मासा कातळावर नेऊन खाणार आणि काठावर काही पडणार नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

तिचे सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "ताई, मी आपला काठावरचा प्राणी, मला पाण्यातले काय कळणार? पण मासा धरू देत नाही, म्हणजे तो तुला शिकवतोय, की डोहापासून लांब ठेवतोय?"

पाणमांजरीला नेमके हेच वाटत होते.

"आणि स्वतः खाली येत नाही म्हणतेस. डोहात मगर येते असे ऐकून आहे मी. आधी दुसऱ्याला खाली धाडायचे आणि आपण वरून बघत बसायचे, असे तर नसेल?"

हेही तिच्या मनात येऊन गेले होते. कोल्हा जे बोलला ते सगळे तिच्याच मनातले होते, म्हणून ते तिला खरे वाटले. हा काठावरचा कोल्हा आपली एवढी काळजी का करतो आहे, हा प्रश्न मात्र, जगातल्या प्रत्येकाविषयी प्रश्न पडणाऱ्या त्या पाणमांजरीला पडला नाही.

त्या दिवसापासून ती डोहावर जाताना पिल्लाला बिळात ठेवी आणि बिळाच्या तोंडाशी कोल्ह्याला राखणीला बसवी. सकाळी मिळालेले चारदोन निवटेही त्याच्याच भरवशावर ठेवी. लवकरच त्यातले मासे कमी होऊ लागले. कोल्ह्याने तोंड वाईट करून तिला चिखलातली पावले दाखवली. बोटांमध्ये पडदा असलेली, पाणमांजराची पावले, पाण्यातून थेट बिळाकडे आलेली.

"जरा डोळा लागला माझा, तेवढ्यात येऊन गेला असेल," कोल्हा म्हणाला. "नाव मी कोणाचे घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. पाणमांजरी तशीच पोहत कातळावर गेली आणि म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलली. शिकवण्याचे नाटक करता, माझ्या तोंडचे मासे पळवता आणि वर माझ्या पिल्लावर डोळा ठेवता, असे तिने त्याला सुनावले.

"हे तुला कोणी सांगितले?" म्हाताऱ्याने विचारले.

ती तशीच काठाकडे वळली.

"येऊ नकोस असे मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण आता बोलवायलाही येणार नाही." आणि तो कातळाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पाठ करून बसला.

पुन्हा उथळ पाणी सुरू झाले. पाणमांजरी दिवसभर गाळ उपसे आणि एखादा मरतुकडा खेकडा घेऊन घरी येई. तिच्या फासळ्या दिसू लागल्या. पिल्लू रडून रडून गप्प होऊ लागले. काठावर डोकी, शेपट्या पडेनाशा झाल्या, तसा कोल्हाही वाळला. आता तो राखणीला बसल्यावर बाहेर कमी आणि बिळाच्या आत जास्त पाहत असे.

एके दुपारी ती नेहमीपेक्षा लवकर परतली. ओहोटी होती, चिखल दूरवर उघडा पडला होता आणि त्यावर पडद्याच्या पावलांची रांग उमटली होती. तिचे डोके फिरले. चोर केवढा आहे ते तरी बघू, म्हणून तिने त्यातल्या एका ठशात आपले पाऊल ठेवले. ते नखापर्यंत नेमके बसले. तिने पुढच्या ठशात ठेवले, तेही बसले. म्हातारा तर तिच्या दीडपट होता. ही सकाळची तिचीच पावले होती. कोल्ह्याने दाखवली तीही तिचीच असणार. मग त्याच रांगेच्या कडेने, शेपटीने अर्धवट पुसलेले, कोल्ह्याचे ठसे तिला दिसले. ते बिळाकडे जात होते.

तिने वर पाहिले. बिळाच्या तोंडातून कोल्ह्याची पाठ आणि शेपटी तेवढी बाहेर होती. तो माती उकरून आत घुसत होता.

ती धावली आणि त्याच्या मागच्या पायाला कडकडून चावली. कोल्हा कळवळून बाहेर आला. तोंड मातीने भरले होते, तरी म्हणाला, "अगं ताई, पिल्लू रडत होते, म्हणून बघत होतो."

पाणमांजरी ऐकायला थांबली नाही. त्याच्या पायांखालून ती बिळात शिरली, पिल्लाची मानगूट दातांत धरली आणि पलीकडच्या तोंडाने पाण्याकडे पळाली. कोल्हा लंगडत मागे आला. ओहोटीमुळे उथळ पाण्यातही त्याला सहज चालता येत होते. ती मुळांआड गेली, तिथे तो आला. ती वळणाकडे वळली, तिथेही आला. त्याचे पाय टेकणार नाहीत असे एकच पाणी होते, आणि ते खाडीच्या मध्यावर होते.

तिने तिकडे अंग टाकले. ओहोटी अजून संपली नव्हती आणि पाण्याची ओढ जोरात होती. पिल्लाचे डोके वर धरायचे, तर तिचे स्वतःचे नाक पाण्याखाली जात होते. एरवी ती घाबरून गेली असती. पण डोहाच्या तळाशी बसून बसून दम किती वेळ धरवतो, हे तिला आता ठाऊक झाले होते. श्वास रोखून, पिल्लाला वर उचलून ती पोहत राहिली. कातळ जवळ आला तेव्हा तिच्यात त्राण उरले नव्हते. तेवढ्यात कोणीतरी खालून पिल्लाला आधार दिला आणि तिच्या मानेला धरून तिला वर ओढले. म्हाताऱ्याने कातळावरची सावलीची जागा त्यांना करून दिली आणि स्वतः उन्हात सरकून बसला. पलीकडे काठावर कोल्हा पाय चाटत उभा होता.

पिल्लू झोपल्यावर पाणमांजरीने, आयुष्यात पहिल्यांदाच, मनातला प्रश्न ज्याचा त्याला विचारला.

"आजोबा, तुम्ही माझ्याबरोबर खाली का येत नव्हता?"

"मासा तोंडात धरून वर येणाऱ्याला वरचे काही दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "इकडे मगर येते. रोज नाही, पण येते. माझी जोडीदारीण अशीच मासा घेऊन वर आली होती. तेव्हा वर लक्ष ठेवायला कोणी नव्हते."

पाणमांजरीने पिल्लाला जवळ ओढले. "आणि मासा का धरू दिला नाहीत?"

"जिताडा खाली ओढतो. श्वास संपत आला तरी तो सोडवत नाही. म्हणून श्वास आधी."

"मग मला शिकवून तुम्हाला काय मिळणार होते?"

म्हाताऱ्याने तोंड उघडून दाखवले. त्याचे सुळे झिजून सपाट झाले होते. "माझ्याकडून आता जिताडा धरवत नाही. मी हाकलीन, तू धरशील आणि आपण वाटून खाऊ, असा माझा विचार होता. काही धर्म करायला निघालो नव्हतो मी."

"हे मला आधी का नाही सांगितलेत?"

"तू विचारलेस कधी?" म्हातारा काठावरच्या कोल्ह्याकडे मान वळवून म्हणाला. "विचारत होतीस, पण कोल्ह्याला."

तिने मान खाली घातली आणि झाल्या बोलण्याची क्षमा मागितली. म्हाताऱ्याने नुसती मिशी हलवली.

पुढच्या ओहोटीला ती डोहात उतरली. मायलेकांचा तिसरा दिवस उपाशी जायची पाळी होती, तरी तिने घाई केली नाही. कपार धरून ती बसली. म्हाताऱ्याने वरून पाण्यावर शेपटी आपटली, तसा एक जिताडा बुजून तिच्या दिशेने वळला. तिने त्याला गळ्याशी धरले. त्याने तिला कातळावर घासले, गरगर फिरवले, खाली ओढले. तिची छाती फुटायला आली. तेव्हा तिने त्याला सोडून दिले आणि ती रिकाम्या तोंडाने वर आली. म्हाताऱ्याने पहिल्यांदाच तिला शाबासकी दिली. मग दम खाऊन ती पुन्हा उतरली. या वेळी वर आली ती मासा घेऊनच. पाण्याबाहेर डोके काढताना तिला काहीच दिसत नव्हते, फक्त म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येत होता, "ये, वाट मोकळी आहे." आणि त्या आवाजावर भरवसा ठेवून ती आली.

त्या दिवशी कातळावर तिघेही पोटभर जेवले. काठावर काहीच पडेनासे झाले, तेव्हा कोल्हा ते जंगल सोडून दुसरीकडे निघून गेला. पाणमांजरीचा संशयी स्वभाव काही गेला नाही. पण आता प्रत्येक शंका ती समोरच्याला तोंडावर विचारू लागली, आणि उत्तरे देता देता म्हातारा पार कंटाळून जाई.

तात्पर्य : शंका ज्याच्याविषयी आली, त्यालाच ती विचारावी; तिसऱ्याला विचारली, तर उत्तर त्याच्या सोयीचे मिळते.